एका तारेवरच्या चार हद्दी

माझ्या घरात चार स्विच आहेत आणि त्यांतला एकच हाताला लागतो. तो आठ पोर्टांचा, काळ्या पत्र्याचा, जिन्याखालच्या कोनाड्यात भिंतीला स्क्रूने बसवलेला आहे. बाकीचे तीन एका जुन्या, कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेल्या छोट्या कॉम्प्युटरच्या मेमरीत राहतात. त्यांना वजन नाही, लुकलुकणारे दिवे नाहीत, केबल खुपसायला भोकं नाहीत. तरी दिवसरात्र त्यांच्यातून निरोप ये-जा करत असतात, आणि कोणाचा निरोप कोणापर्यंत पोचवायचा हे ते पत्र्याच्या स्विचइतक्याच काटेकोरपणे ठरवतात.

घर हैदराबादेतल्या सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतलं, आजोबांच्या वेळचं. खाली मोठ्या भावाचं साड्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर आम्ही, वर चुलतभावाचं बिऱ्हाड. या सगळ्या पसाऱ्याला इंटरनेटची लाइन एकच. तिच्यावर दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर, दुकानाचे कॅमेरे, तिन्ही मजल्यांवरचे टीव्ही, मुलांचे टॅब, चुलतभावाचा कंपनीचा लॅपटॉप, आल्यागेल्या पाहुण्यांचे फोन. कित्येक वर्षं ही सगळी यंत्रं एकाच मोकळ्या पटांगणात वावरत होती. घरच्या वायफायचा पासवर्ड ज्याला ठाऊक, त्याला दुकानाचा हिशेबाचा कॉम्प्युटर दिसायचा. कोणी काही वाईट केलं नाही, हे आमचं नशीब. पण गच्चीबावलीत बसून दिवसभर दुसऱ्यांची नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाच्या घरात असं चालू द्यायचं नाही, हे मी एका पावसाळ्यात ठरवलं आणि कामाला लागलो.

या कामासाठी सुलतान बाजारासारखं ठिकाण नाही. दोन गल्ल्या ओलांडल्या की गुजराती गल्ली. कॅमेरे, अँप्लिफायर, वायरींची वेटोळी, अडॅप्टर, कनेक्टर, सगळं तिथे हारीने मांडलेलं. केबलला क्लिप बसवायचा क्रिंपर मागितला की दुकानदार आधी हातात केबल देतो आणि तुम्हाला क्लिप बसवता येते की नाही ते बघतो. ट्रूप बाजारात विजेचं सामान. कॉम्प्युटर आणि मेमरीसाठी मात्र सिकंदराबादेला, पार्क लेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जावं लागतं. सगळे त्याला सीटीसी म्हणतात. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले कॉम्प्युटर बदलतात, ते इथे पुसून-झटकून परत विक्रीला येतात. माझं यंत्र तिथलंच. जाड पुस्तकाएवढं, पाठीमागे नेटवर्कचं एकच पोर्ट. त्यात बत्तीस जीबी मेमरी टाकली आणि प्रॉक्समॉक्स ही लिनक्सवर बेतलेली मोफत प्रणाली चढवली. एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं चालवता येतात, ती हिच्यामुळे.

ही पोटातली यंत्रं एकमेकांशी बोलणार कशी, बाहेरच्या जगाशी बोलणार कशी, हा पुढचा प्रश्न. त्यांनाही स्विच लागतो. तो मेमरीतच तयार करायचा. प्रॉक्समॉक्स बसवताना असा एक आपोआप तयार होतो, त्याचं नाव व्हीएमबीआर-शून्य. यंत्राचं खरं पोर्ट त्याच्या एका बाजूला जोडलेलं असतं आणि आतली यंत्रं दुसऱ्या बाजूंना. मी दुसरा एक बनवला, त्याला खरं पोर्ट दिलंच नाही. त्याच्यावरची यंत्रं फक्त आपापसात बोलतात, तिथे काहीही मोडलं तरी घराला धक्का लागत नाही. तिसरा ओपन व्हीस्विच या खुल्या प्रणालीचा. त्याच्यावर एका पोर्टाच्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टावर पाठवता येते, म्हणजे चाललेलं बोलणं बाजूला बसून वाचता येतं.

स्विच शिकतो कसा, हे वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. नवा स्विच जन्मतो तेव्हा त्याला कोणी ठाऊक नसतं. पहिली फ्रेम, म्हणजे निरोपाचा पहिला तुकडा, येते. तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि घेणाऱ्याचा. स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो, तो कोणत्या पोर्टातून आला ते आपल्या वहीत लिहितो. घेणारा कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे ती फ्रेम आली ते पोर्ट सोडून बाकी सगळीकडे देतो. ज्याची आहे तो उत्तर देतो, आणि त्या उत्तरातून त्याचाही पत्ता वहीत चढतो. पुढची फ्रेम थेट जाते. लिनक्समध्ये ही वही एका आज्ञेने उघडून बघता येते. ओळीमागून ओळ, पत्ता आणि पोर्ट. एखादं यंत्र तीनशे सेकंद काहीच बोललं नाही तर त्याची ओळ खोडली जाते. मी एक यंत्र बंद करून ती ओळ जाताना बघत बसतो, मग ते चालू करतो आणि ओळ परत येते. हे बघताना मला दर वेळी मनापासून आनंद होतो. या स्विचला कोणी काही शिकवलेलं नसतं. जो बोलला त्याला ओळखायचं, एवढ्या एका नियमावर तो सगळ्या घराचा नकाशा उभा करतो.

हा नियम तसा जुना. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात मांडली, तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड केबलला लटकलेली असत आणि एक बोललं की सगळ्यांना ऐकू जाई. पुढे दोन केबलींच्या मध्ये बसून निवडक फ्रेमा पलीकडे नेणारे ब्रिज आले. इथरनेटचा पहिला विकाऊ स्विच १९९० साली कॅलिफोर्नियातल्या ‘कल्पना’ या कंपनीने काढला. तिच्या संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज, मूळचे भारतीय. सात पोर्टांचं ते यंत्र होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आज जगभरच्या इमारतींच्या कोनाड्यांत जे डबे बसले आहेत त्यांच्या वंशावळीत वरच्या बाजूला हे नाव आहे, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ते शिकवलं जायला हवं.

पण माझ्या घराचा प्रश्न ओळखीचा नव्हता. सगळे सगळ्यांना ओळखत होते, हीच अडचण होती. दुकान, घर, कॅमेरे आणि माझे प्रयोग यांना वेगळं करायचं होतं. चार वेगळे स्विच, चार वेगळ्या केबली, चार वेगळे राउटर घेणं परवडणारं नव्हतं आणि जुन्या भिंतींतून एवढ्या केबली ओढायला जागाही नव्हती. माझ्या यंत्राला पोर्ट एकच. त्या एका पोर्टातून, एका केबलीतून चारही जगं न्यायची आणि त्यांनी एकमेकांना बघायचं नाही. याला व्हीलॅन म्हणतात. १९९८ मध्ये ८०२.१क्यू या नावाने त्याचं मानक ठरलं. एका तारेवर अनेक हद्दी आखायची ही रीत आहे.

ती हद्द दिसते कशी? टीसीपीडम्प नावाची एक आज्ञा आहे, ती चालली की तारेवरून जाणारी प्रत्येक फ्रेम पडद्यावर एकेका ओळीत उतरते. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आणि लगेच पुढे ‘व्हीलॅन ३०’. मग प्रश्न : १९२.१६८.३०.१ कोणाकडे आहे, १९२.१६८.३०.१४ ला सांगा. हा दुकानातला एक कॅमेरा राउटरला शोधतो आहे. त्या ‘व्हीलॅन ३०’च्या मागे फ्रेममध्ये घातलेले फक्त चार बाइट असतात. पहिले दोन सांगतात की पुढे हद्दीचा क्रमांक आहे. उरलेल्या सोळा बिटांतले तीन प्राधान्याचे, एक गर्दीत ही फ्रेम टाकून दिली तर चालेल का ते सांगणारा, आणि बारा बिट क्रमांकाचे. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, पहिला आणि शेवटचा राखून ठेवलेला, म्हणजे एका तारेवर ४०९४ हद्दी. मी दहा, वीस, तीस, चाळीस असे चारच क्रमांक वापरले : घर, दुकान, कॅमेरे, प्रयोग. कॅमेऱ्याचा प्रश्न तीस नंबरात सगळ्यांना विचारला जातो, पण दहा नंबरातल्या माझ्या फोनला त्याची चाहूलही लागत नाही. आणि कॅमेऱ्याला स्वतःला आपण तीस नंबरात राहतो हे माहीतच नसतं. त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी पोर्ट ते चार बाइट काढून घेतं, त्याच्याकडून येणाऱ्या फ्रेमवर परत घालतं. त्याच्या लेखी जग एवढंच.

पहिल्यांदा हे चार बाइट पडद्यावर बघितले तेव्हा मला आमच्या बाजाराचा इतिहास आठवला, तो आजोबांकडून ऐकलेला आणि नंतर पुस्तकांतून वाचलेला. सुलतान बाजार हे नाव नंतरचं. त्याआधी हा रेसिडेन्सी बाजार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकने मुसी नदीच्या उत्तरेला ब्रिटिश रेसिडेन्सी उभारली. तिचे ते उंच खांब आणि सिंह अजून आहेत, त्या आवारात आधी कोठीचं महिला महाविद्यालय होतं आणि आता त्याचंच महिला विद्यापीठ झालं आहे. रेसिडेन्सीच्या भोवती बाजार वसला आणि तो बाजार निजामाच्या राजधानीला अगदी लागून असूनही निजामाच्या कायद्याखाली नव्हता. इथला कारभार रेसिडेंटचा. गल्ली तीच, धूळ तीच, दुकानात येणारं गिऱ्हाईक तेच. पण काही पावलं इकडे सरकलं की अंमल बदलायचा.

त्या काळात या शहरात रुपयेही दोन चालत. निजामाचा हाली शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार. टपालही दोन, निजामाची तिकिटं वेगळी. दोन राज्यं एकाच रस्त्यावरून एकमेकांना न शिवता चाललेली. बहुतेक ठिकाणी मध्ये भिंत नव्हती. भिंत होती ती रेसिडेन्सीच्या आवाराला, आणि १८५७ च्या जुलैत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केल्यावर ती आणखी भक्कम करण्यात आली. बाजाराला मात्र वेस लागत नव्हती. त्याची हद्द कागदावर होती आणि माणसांच्या वागण्यात होती.

या अदृश्य हद्दीने काय केलं ते बघण्यासारखं आहे. निजामी राज्यात सभा-संमेलनांवर कडक बंधनं होती. १९२९ च्या सुमाराची गश्ती निशाण ५३ ही आज्ञा मराठवाड्यातल्या आमच्या वाडवडिलांच्या पिढीला तोंडपाठ होती. सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी. हैदराबाद संस्थानाच्या राजकीय परिषदा संस्थानात भरवता येत नव्हत्या. १९२३ ला काकिनाडा, १९२६ ला मुंबई, १९२८ ला पुणे, १९३१ ला अकोला, अशा त्या बाहेर भरल्या. आपल्याच प्रश्नांवर बोलायला लोकांना शेकडो मैल जावं लागत होतं. अशा काळात शहराला लागून असलेल्या या छोट्या पट्ट्यात थोडी मोकळीक होती. आर्य समाज १८९२ मध्ये इथे उभा राहिला. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१ मध्ये इथेच सुरू झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी काढली, जिच्यामागे केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्यासारखी माणसं उभी होती. जवळच इसामिया बाजारात १९२२ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तेलुगू ग्रंथालयाच्या संस्थापकांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. ते नागपुरात शिकले, त्यांनी मराठीतही लेखन केलं. दोन भाषांच्या दोन हद्दी, आणि एक माणूस दोन्हींत ये-जा करणारा. बाजाराच्या त्या पिढीत अशी माणसं बरीच होती. त्यांच्याशिवाय ही ग्रंथालयं नुसती शेजारी उभी राहिली असती.

या मोकळिकीचं मी गुणगान करत नाही. रेसिडेंट काही आपल्या लोकांच्या भल्यासाठी बसलेला नव्हता. एका परक्या सत्तेने आपल्या सोयीसाठी रेघ मारली होती. त्या रेघेच्या आत लोकांनी आपली शाळा, आपलं ग्रंथालय, आपली सभा यांना जागा शोधली, हे श्रेय त्या लोकांचं. १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामाला परत दिला गेला, त्याचा सुलतान बाजार झाला. एकही घर जागचं हललं नाही, एकही दुकान सरकलं नाही, पण त्या तारखेपासून रस्ता दुसऱ्या अंमलात गेला. माझ्या स्विचवर पोर्टाचा क्रमांक वीसवरून दहा केला की हेच घडतं. केबल जागची हलत नाही, आणि पलीकडचं यंत्र वेगळ्या जगात जातं.

मला या सगळ्यातून जे म्हणायचं आहे ते असं. हद्द आखायची विद्या आजवर नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होती. आधी रेसिडेंटच्या, मग निजामाच्या, आणि आता आपल्या घरातल्या यंत्रांच्या बाबतीत ती ज्यांनी कॅमेरे, टीव्ही, राउटर विकले त्यांच्या हातात आहे. कोण कोणाशी बोलणार, कोणाचं बोलणं कुठे पोचणार, हे डब्याच्या आत आधीच ठरलेलं असतं. घरात एक जुना कॉम्प्युटर ठेवून त्यात स्विच उभा करणं म्हणजे ती विद्या उंबरठ्याच्या आत आणणं. ती साड्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून आत्मसात करता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

कॅमेऱ्यांचंच बघा. चारही हद्दी आखून झाल्यावर त्यांच्या मध्ये एक राउटर लागतो. एका हद्दीतून दुसरीत जायचं तर त्याच्याच दारातून. हा राउटरही माझ्या यंत्राच्या पोटात आहे, ओपीएनसेन्स नावाची प्रणाली त्यावर चालते. तीस नंबरासाठी मी पहिला नियम लिहिला : बाहेर जायचं नाही. मग नोंदवही उघडून बसलो. काही मिनिटांत ओळी यायला लागल्या. लाल रंगात, एकाखाली एक. दुकानाचा कॅमेरा परदेशातल्या कुठल्याशा पत्त्याकडे जाऊ बघतो आहे. अडवला. परत जातो आहे. अडवला. दुसरा कॅमेरा तिसऱ्याच पत्त्याकडे. हे गेली कित्येक वर्षं चालू असणार. दुकानात साड्या निवडणाऱ्या बायकांची चित्रं या कॅमेऱ्यांतून जात होती की फक्त ‘मी चालू आहे’ एवढा निरोप, ते मला सांगता येणार नाही, आणि तसं सांगता येऊ नये हेच मला खुपलं.

मोठ्या भावाला दाखवलं. तो दुकानात दिवसभर माणसं ओळखणारा माणूस, नेटवर्कचं त्याला काही कळत नाही. पडद्याकडे थोडा वेळ बघून म्हणाला, “म्हणजे आपल्या दुकानातून रोज कोणीतरी बाहेर निरोप धाडत होतं आणि आपल्याला पत्ता नाही?” मग त्याने विचारलं ते महत्त्वाचं होतं. “बंद केलंस ते ठीक, पण रेकॉर्डिंग चालू आहे ना?” चालू होतं. रेकॉर्डर तीस नंबरातच आहे, कॅमेऱ्यांना त्याच्यापर्यंत जायला कुठलं दार ओलांडावं लागत नाही. भावाला आपल्या फोनवर दुकान बघता यावं म्हणून दहा नंबरातून फक्त रेकॉर्डरपर्यंतची एक वाट मोकळी केली. आणखी एक गोष्ट सोडावी लागली. बाहेर जाणं बंद झाल्यावर कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू चुकायला लागतात, आणि चुकीच्या वेळेचं रेकॉर्डिंग पोलिसांपुढे ठेवायच्या कामाचं नाही. तेव्हा वेळ विचारायला राउटरपर्यंत यायची मुभा दिली. बंद करणं सोपं असतं. जगायला नेमकं काय लागतं ते शोधून तेवढं उघडणं, हे खरं काम. त्यात बराच जीव ओतावा लागतो.

माझ्या बहिणीची मुलगी नांदेडहून इथे इंजिनिअरिंगला आली आणि आमच्याकडे राहिली. ती या सगळ्यात ओढली गेली. हैदराबादेत नेटवर्किंग शिकायचं म्हणजे मुलं अमीरपेठेत जातात. तिथल्या एकेका इमारतीवर क्लासच्या पाट्यांचे थर असतात. माझ्या वेळी सराव करायला खरे स्विच लागायचे. जुन्या बाजारात वापरलेले सिस्कोचे स्विच शोधत फिरायचं, दोघा-चौघांत पैसे काढून घ्यायचे, आणि त्यांच्या पंख्याच्या घरघरीत घरच्यांची झोप मोडायची. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने पुस्तकातली चित्रं बघायची. भाचीने एका संध्याकाळी माझ्या यंत्रात पाच स्विच उभे केले, त्यांना जोडलं, मोडलं आणि पुसून टाकलं. तिला एक रुपयाही लागला नाही. काही वर्षांपूर्वी मी प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअरची मोफत आवृत्ती वापरत होतो. ती कंपनी ब्रॉडकॉमकडे गेल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत ती आवृत्ती बंद झाली, २०२५ मध्ये परत आली. तोवर माझ्यासारखे पुष्कळ जण खुल्या प्रणालींकडे सरकले होते. ज्या विद्येवर आपलं पोट आहे तिचं सरावाचं अंगण कोणाच्या मर्जीवर असू नये.

एका रविवारी मी तिला मुद्दाम वादळ दाखवलं. बाहेरचं पोर्ट नसलेल्या त्या बंद स्विचपासून ओपन व्हीस्विचपर्यंत एकाऐवजी दोन जोड दिले. दोन रस्ते असले की एक तुटला तर दुसरा कामाला येईल, असं कोणालाही वाटेल. मग एका यंत्रातून एकच प्रश्न सोडला, अमुक पत्ता कोणाकडे आहे. सगळ्यांसाठीचा प्रश्न, म्हणून पहिल्या स्विचने तो दोन्ही जोडांवरून पलीकडे दिला. पलीकडच्याने एका जोडावरून आलेला दुसऱ्यावरून परत पाठवला. पहिल्याने परत. आयपीच्या पाकिटाला आयुष्य असतं, प्रत्येक राउटर ओलांडताना एक आकडा कमी होतो आणि शून्यावर ते संपतं. इथरनेटच्या फ्रेमला तसं काही नाही. पडद्यावरचा आकडा हजारांवरून लाखांवर गेला, कॉम्प्युटरचा एरवी न ऐकू येणारा पंखा जोराने फिरायला लागला.

“मामा, हे थांबणार कधी?” तिने विचारलं.

“आपण थांबवलं तरच.”

तिने एक जोड तोडला. क्षणात शांत. मग दोन्ही जोड परत देऊन आम्ही दोन्ही स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू केलं. रेडिया पर्लमन यांनी १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये हे शोधून काढलं. १९८५ च्या आपल्या निबंधाच्या सुरुवातीलाच त्यांनी या रीतीवर स्वतः केलेली कविता दिली आहे, ती मी भाचीला वाचून दाखवली. स्विच आपापसात दर दोन सेकंदांनी छोटे निरोप देतात, ज्याचा क्रमांक सगळ्यांत लहान त्याला मूळ मानतात, आणि प्रत्येक जण त्या मुळापर्यंतचा एकच रस्ता उघडा ठेवून बाकीचे मिटतो. मिटलेला रस्ता तुटलेला नसतो, तो ऐकत असतो. भाचीने चालू रस्ता तोडला. पिंगची, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला सतत विचारत असलेल्या ‘आहेस का?’ची, उत्तरं थांबली. पंधरा सेकंद ऐकणं, पंधरा सेकंद शिकणं, ही जुन्या रीतीची ठरलेली मुदत. ती पडद्याकडे टक लावून होती. अर्ध्या मिनिटाने उत्तरं परत यायला लागली, दुसऱ्या रस्त्याने. ती टाळ्या वाजवत उठली आणि आजीला बोलवायला गेली. माझ्या आईला तिने तो सगळा खेळ पहिल्यापासून परत करून दाखवला. आईने विचारलं, “मग हे सगळं कोण ठरवतं, एकच रस्ता उघडा ठेवायचा ते?” भाची म्हणाली, “कोणी एक नाही आजी, सगळे मिळून ठरवतात. आणि मोठा व्हायला सगळ्यांत लहान आकडा लागतो.”

आता ती पुण्यात नोकरीला आहे, कोथरूडला मैत्रिणींबरोबर राहते. तिने तिथे एक छोटं यंत्र घेतलं. आम्ही सध्या तिचा प्रयोगाचा स्विच आणि माझा चाळीस नंबरचा स्विच जोडतो आहोत. मध्ये साडेपाचशे किलोमीटर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट लाइन. आधी वायरगार्डचा कुलूपबंद बोगदा टाकला, मग त्यातून व्हीएक्सलॅन. यात अख्खी इथरनेटची फ्रेम एका पाकिटात घालून पाठवतात. २०१४ मध्ये ही रीत आरएफसी ७३४८ म्हणून छापली गेली. हद्दीच्या क्रमांकाला बाराऐवजी चोवीस बिट, म्हणजे पावणेदोन कोटींच्या जवळ हद्दी. आम्हाला एकच पुरते. पाकिटावर पाकीट चढत गेलं की आत जागा कमी होते. वायरगार्डच्या आत १४२० बाइट मावतात, त्यातले पन्नास व्हीएक्सलॅनला गेले, राहिले १३७०. दोन्हीकडे तोच आकडा लिहिल्यावर मोठ्या फाइली अडकायच्या थांबल्या. सुलतान बाजारातल्या एका यंत्राने विचारलेला प्रश्न आता कोथरूडमधलं यंत्र जणू एकाच खोलीत असल्यासारखं ऐकतं.

तिच्या बाजूचे फायरवॉलचे नियम तिनेच लिहायचे, असं आमचं ठरलं. परवा मसुदा आला. मी एकेक ओळ वाचली. पुण्याहून हैदराबादला काय जाईल आणि हैदराबादहून पुण्याला काय येईल, हे तिने वेगवेगळं लिहिलं आहे. आमचे कॅमेरे आणि दुकान तिने नाव घेऊन अडवले आहेत, ते तिच्यापर्यंत पोचूच शकत नसले तरी. मैत्रिणींचे फोन वेगळ्या क्रमांकात टाकले आहेत, त्यांना यातलं काही दिसणार नाही. आणि मामाच्या यंत्राला तिच्या घरात यायला फक्त दुरून आज्ञा द्यायचं बावीस नंबरचं पोर्ट उघडं ठेवलं आहे, तेही एकाच पत्त्यापुरतं. खाली तिने लिहिलं होतं, “मामा, आणखी काही लागलं तर कशासाठी ते सांगा, मग उघडते.” मी मसुद्यात एकही ओळ बदलली नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघांनी फोनवर बोलत तो लागू केला.